सल्ला : ‘सहकार्य मिळणेबाबत’ असा विषय लिहिलेलं पत्र पडून का राहतं?

प्रश्न : मी आर्णी तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत ऑफिसचं काम बघते. आम्ही कास्तकारांची तूर आणि सोयाबीन घेतो, चाळणी-प्रतवारी करून विकतो. पत्रव्यवहार सगळा माझ्याकडे आहे. माझी पत्रं दीड-दोन पानांची होतात आणि बहुतेकांना उत्तरच येत नाही. मॅनेजरसाहेब म्हणतात, ‘सहा ओळीत आटपत जा.’ पण इतकं तुटक लिहिलं तर समोरच्याला ताठा वाटणार नाही का? अकोल्याच्या दालमिलला कपातीबद्दल, बँकेला सीसी (कॅश क्रेडिट) कर्जाच्या लिमिटबद्दल आणि महावितरणला व्होल्टेजबद्दल लिहिलेली तीन पत्रं नमुन्याला पाठवते आहे. पत्र मराठीत लिहावं की इंग्रजीत, आणि व्हॉट्सॲपवर पाठवलं तर चालतं का, तेही सांगा.

उत्तर : ताई, तिन्ही पत्रं वाचली. भाषा स्वच्छ आहे, शुद्धलेखनही चांगलं आहे. अडचण वेगळीच आहे. दालमिलच्या पत्रात कंपनी कधी स्थापन झाली, सभासद किती, यंदा पाऊस कसा झाला हे सगळं आधी येतं, आणि पैशाचा आकडा दुसऱ्या पानावर. बँकेच्या पत्रात खाते क्रमांकच नाही. महावितरणच्या पत्राचा विषय आहे ‘सहकार्य मिळणेबाबत’, आणि त्यात व्होल्टेज, वाढीव बिल आणि वाकलेला खांब अशा तीन तक्रारी एकत्र आहेत.

पत्र ऑफिसात पोचल्यावर त्याचं काय होतं ते आधी बघू. आवक टेबलावरचा बाबू पत्र पूर्ण वाचत नाही, वाचायला त्याच्याकडे वेळही नसतो. तो विषय बघतो, शिक्का मारतो, आवक क्रमांक टाकतो आणि पत्र एका टेबलाकडे मार्क करतो. तुमचं तीन तक्रारींचं पत्र बिलिंगच्या टेबलाकडे गेलं असेल, तर तिथला माणूस बिलापुरतं बघेल आणि पत्र फाइलला लावून टाकेल. व्होल्टेजचं काम लाइनवाल्या अभियंत्याचं, त्याच्यापर्यंत तो कागद जातच नाही. म्हणून एका पत्रात एकच काम. तीन कामं असतील तर तीन पत्रं, तिघांना वेगळे जावक क्रमांक. कागद जास्त लागतो, लागू द्या. माहिती अधिकाराच्या अर्जालाही महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी मर्यादा आहे. तुमच्या रोजच्या पत्रांनाही तेवढे शब्द पुरतात.

विषयाच्या ओळीत तीन गोष्टी बसवा : ओळखीचा क्रमांक (बिल, खातं किंवा ग्राहक क्रमांक), आकडा किंवा तारीख, आणि हवं असलेलं काम. ‘योग्य ती कार्यवाही होणेबाबत’ असं लिहिलं की योग्य काय ते ठरवायचं काम तुम्ही त्यांच्यावर टाकलं. ते कोणी अंगावर घेत नाही.

आता दालमिलचं पत्र. त्यात पैसे अडकले आहेत, म्हणून त्यावर जरा जास्त बोलू. तुमच्या दोन पानांतली कामाची माहिती एवढ्यात बसते (क्रमांक, तारखा आणि आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत) :

> विषय : बिल क्र. ४७ (१४ जानेवारी) – कपात केलेल्या ₹२१,२५४ चा तपशील मिळणे
>
> महोदय,
>
> बिल क्र. ४७ च्या ₹७,०८,४८० पैकी ₹६,८७,२२६ आमच्या खात्यात २७ जानेवारीला जमा झाले. उरलेले ₹२१,२५४ कोणत्या कारणाने कापले ते आम्हाला कळलेले नाही.
>
> माल : तूर, ९८.४० क्विंटल, दर ₹७,२००. काटा पावती क्र. ११८३. सौद्यात मॉइश्चरची (ओलाव्याची) मर्यादा १२ टक्के ठरली होती. गाडी भरताना आमच्या मीटरवर ११.४ टक्के आले.
>
> कृपया आपल्या तपासणीच्या स्लिपची प्रत ५ फेब्रुवारीपर्यंत पाठवावी. आकड्यांत फरक असल्यास आमच्याकडे ठेवलेल्या सीलबंद नमुन्याची दोघांसमोर पुन्हा तपासणी करू.
>
> आपला विश्वासू,
>
> सोबत : बिल, काटा पावती, मॉइश्चर स्लिप

इथे पैसे परत मागितलेले नाहीत, स्लिप मागितली आहे. कारण तुमचं पत्र ज्याच्या हातात पडतं तो मुनीम किंवा अकाउंटंट असतो, आणि कपात मागे घेणं त्याच्या अधिकारात नसतं. ‘आमचे पैसे त्वरित द्यावेत’ असं लिहिलं तर तो ‘शेठला विचारून सांगतो’ म्हणून कागद बाजूला ठेवतो. स्लिपची प्रत देणं मात्र त्याला जमतं. स्लिप आली की कारण कागदावर येतं, आणि पुढचं पत्र त्या कारणाला धरून लिहिता येतं. स्लिप आलीच नाही तर कपातीला आधार नाही हेही कागदावर येतं. समोरच्या माणसाला आज, त्याच्याच अधिकारात जे करता येईल, ते पहिल्या पत्रात मागावं.

लिहिण्याआधी कपातीची टक्केवारी काढा. वरच्या उदाहरणात ₹२१,२५४ म्हणजे बिलाच्या बरोबर ३ टक्के. इतका सपाट आकडा निघाला, तर मीटरवर मोजून कापण्याऐवजी सरसकट कापल्याचा संशय घ्यायला जागा आहे. मग पत्रात एक ओळ वाढवा : ‘कपात बिलाच्या ३ टक्के आहे, ती कशाच्या आधारे, ते कळवावे.’ आरोप करायची गरज नाही.

‘आमच्या मीटरवर ११.४’ हे वाक्य टिकण्यासाठी गाडी भरतानाच तयारी लागते. नुकत्याच उन्हातून उचललेल्या तापलेल्या दाण्यावर मीटर वेगळा आकडा दाखवू शकतो. म्हणून सावलीत, दाणा निवल्यावर, वेगवेगळ्या कट्ट्यांतून बंबी (दाणा काढायची पोकळ टोकदार नळी) मारून नमुना घ्या आणि तीनदा मोजा. स्लिपवर तारीख, वेळ, गाडी क्रमांक आणि ड्रायव्हरची सही असू द्या. अर्धा किलो नमुना हवाबंद जाड पिशवीत सील करून ठेवा. कापडी पिशवीतला नमुना महिनाभरात हवेप्रमाणे ओल घेतो किंवा सोडतो, मग फेरतपासणीला अर्थ उरत नाही. पत्रात हे सगळं सांगायचं नाही. ‘सीलबंद नमुना’ एवढं पुरे.

आणखी एक सावधगिरी. तुमच्या मसुद्यात ‘एमएसएमई कायद्यानुसार ४५ दिवसांत पैसे न दिल्यास व्याज आकारू’ असं वाक्य आहे. २००६ च्या त्या कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांना हे संरक्षण आहे हे खरं. लेखी करार असेल तरी मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. पण सरकारच्या उद्यम पोर्टलवर व्यापारी म्हणून नोंदणी असेल तर उशिरा पैशाची ही तरतूद लागू होत नाही. व्यापाऱ्यांना नोंदणीचा फायदा प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरताच दिलेला आहे. तुमचं प्रमाणपत्र काढून त्यावर उद्योगाचा प्रकार काय लिहिला आहे ते बघा. व्यापारी असेल तर हे वाक्य काढून टाका. समोरचा सीए एका फोनमध्ये ते खोडून काढेल, आणि पुढच्या पत्रांनाही वजन राहणार नाही. उत्पादक म्हणून नोंदणी असली तरी पहिल्या पत्रात कायदा नको, स्मरणपत्रासाठी राखून ठेवा.

बँकेचं पत्र सोपं आहे.

> विषय : सीसी खाते क्र. (पूर्ण क्रमांक), मर्यादा ₹२० लाख – ३१ मार्चला मुदत संपत असल्याने नूतनीकरण
>
> महोदय,
>
> वरील खात्याची मुदत ३१ मार्चला संपत आहे. त्याच मर्यादेवर एक वर्षासाठी नूतनीकरण करावे, ही विनंती. मागील वर्षाचा लेखापरीक्षित ताळेबंद, फेब्रुवारीअखेरचे स्टॉक स्टेटमेंट, जीएसटी विवरणपत्रे आणि संचालक मंडळाच्या ठरावाची प्रत सोबत आहे. आणखी कागदपत्रे लागत असल्यास १५ मार्चपर्यंत कळवावे. दोन दिवसांत सादर करू.

तुम्ही याच पत्रात लिमिट २० वरून ३५ लाख करण्याची मागणी केली होती. तिथेच गाडी अडली असणार. आहे तेवढ्यावर नूतनीकरण करणं आणि मर्यादा वाढवणं ही बँकेच्या लेखी दोन वेगळी कामं आहेत. वाढीव रकमेला नव्याने छाननी लागते, ती अनेकदा शाखेबाहेर जाते, आणि तोवर साधं नूतनीकरणही लटकतं. मुदत संपल्यापासून १८० दिवसांत लिमिटचं नूतनीकरण झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या निकषांनुसार खातं एनपीएत (थकीत कर्जांत) जातं. ते मॅनेजरलाही परवडणारं नसतं, म्हणून मुदतीची तारीख विषयातच हवी. स्टॉक स्टेटमेंट तीन महिन्यांपेक्षा जुनं जोडू नका, त्यावर काढलेली उचल बँक अनियमित धरते. वाढीव मर्यादेसाठी वेगळं पत्र द्या, महिन्याभराने दिलं तरी चालेल.

महावितरणला लिहिताना ‘व्होल्टेज फार कमी असते’ हे वाक्य कामाचं नाही, कारण प्रत्येकच जण तसं लिहितो. तीन दिवसांची मोजणी द्या : ‘८ जानेवारी, सकाळी ११.१५, दोन फेजमधले ३५२ व्होल्ट’ अशा तीन ओळी, आणि शेजारी ‘अपेक्षित ४१५’. वर १२ आकडी ग्राहक क्रमांक, मंजूर भार, डीपीचं (ट्रान्सफॉर्मरचं) आणि फीडरचं (वीजवाहिनीचं) नाव. रब्बीत हरभऱ्या-गव्हाला पाणी देणारे पंप एकदम सुरू झाले की डीपीवर ताण येतो, त्यामुळे मोजणीची वेळ महत्त्वाची. रात्री मोजलेला चांगला आकडा तुमच्याच विरोधात जाईल. मागणी अशी लिहा : ‘सकाळी १० ते १२ या वेळेत डीपीवरील भार मोजून त्याचा अहवाल द्यावा.’ ‘नवीन डीपी बसवून द्यावी’ असं पहिल्याच पत्रात मागितलं तर त्याला मंजुरी, अंदाजपत्रक, निधी सगळं लागतं, आणि ‘वर कळवले आहे’ एवढं उत्तर देऊन पत्र निकाली निघतं. मोटार जळली असेल तर वाइंडिंगचं बिल जोडा, पण भरपाईची मागणी वेगळ्या पत्रात.

आता ताठ्याचं. आपल्याकडे ‘लय शायनिंग मारते’ असं कोणी म्हणू नये ही धास्ती असते, ती आम्ही समजू शकतो. पण तुमच्या पत्रांची लांबी अदबीमुळे वाढलेली नाही. ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणास सविनय कळविण्यात येते की’ एवढं काढलं तरी कोणी रुसत नाही. अदब राहते ती ‘महोदय’मध्ये, एका ‘कृपया’मध्ये आणि ‘आपला विश्वासू’मध्ये. ओळखीच्या शेठला ‘नमस्कार शेठजी’ लिहायलाही हरकत नाही. उद्धट वाटतं ते ‘त्वरित’, ‘अन्यथा’, ‘जबाबदारी आपली राहील’ या शब्दांनी, आणि तुमच्या दोन पानांत ते चार वेळा आहेत! ‘त्वरित’च्या जागी तारीख लिहा. तारखेने कोणी दुखावत नाही.

‘माल पाठविण्यात आला होता’ ही सरकारी घडण सोडून ‘आम्ही १३ जानेवारीला माल पाठवला’ असं लिहा. कोणी, काय, कधी हे एका दमात येतं. आणि पत्र लिहून झालं की पहिला परिच्छेद झाकून बघा. उरलेल्यातून काम कळत असेल, तर तो परिच्छेद लागतच नव्हता.

भाषेचं म्हणाल तर राज्य शासनाच्या कार्यालयांना आणि महावितरणला बिनदिक्कत मराठीत लिहा. १९६४ च्या राजभाषा अधिनियमापासून राज्याच्या कारभाराची भाषा मराठी आहे. अकोला, खामगाव, हिंगणघाटच्या व्यापाऱ्यांना मराठी किंवा हिंदी, जी त्यांच्याशी फोनवर बोलता ती. बँकेच्या शाखेला मराठी चालतं, पण कर्जाचा कागद पुढे विभागीय कार्यालयात जातो आणि तिथला अधिकारी परराज्यातला असू शकतो. तिथे विषयाची ओळ इंग्रजीतही द्यावी, एवढंच. खाते क्रमांक, आयएफएससी, यूटीआर (बँक व्यवहाराचा क्रमांक), गाडी क्रमांक मात्र कुठल्याही भाषेच्या पत्रात इंग्रजी अक्षर-अंकांतच टाइप करा. समोरचा ते उचलून संगणकात शोधतो. देवनागरी आकडे त्याला हाताने पुन्हा टाकावे लागतात, आणि तिथे चूक होते.

तुमची फाइल कृतिदेवमध्ये टाइप केलेली होती. ज्या संगणकावर तो फाँट नाही तिथे ती अक्षरांची खिचडी होऊन उघडते, आणि वाचता न आलेलं पत्र परत मागवायची तसदी फारसं कोणी घेत नाही. युनिकोडमध्ये टाइप करा आणि पाठवताना पीडीएफ करा. फाइलला ‘स्कॅन००१’ऐवजी ‘बिल ४७ कपात तपशील’ असं नाव द्या, म्हणजे महिन्याने शोधली तरी सापडेल.

व्हॉट्सॲप चालतं, पण सगळ्यासाठी नाही. गाडी निघाली, काटा झाला, दर ठरला हे तिथेच कळवा. एकाच संदेशात : ‘गाडी निघाली, ४.१० वाजता, १९६ कट्टे, ९८.४० क्विंटल, ड्रायव्हरचा नंबर खाली.’ ‘नमस्कार’ टाकून उत्तराची वाट बघत बसू नका, आणि आकडे व्हॉइस मेसेजमध्ये सांगू नका. आकडा शोधायला कोणी तो पुन्हा ऐकत नाही. फोनवर सौदा झाला की पाच मिनिटांत लिहून टाका : ‘आत्ता बोलल्याप्रमाणे तूर १०० क्विंटल, दर ₹७,२००, मॉइश्चर १२ टक्क्यांपर्यंत, पैसे माल पोचल्यापासून १० दिवसांत. बरोबर असल्यास कळवा.’ समोरून ‘ओके’ आलं की कपातीच्या भांडणात हाच कागद. तुमच्या दालमिलच्या प्रकरणात असा संदेश नव्हता, १२ टक्क्यांचं ठरणं तोंडीच होतं. त्यामुळे तुमच्या खऱ्या पत्रात ‘ठरली होती’ या शब्दांपुढे ‘१० जानेवारीला फोनवर’ अशी खरी तारीख घाला. बँक आणि महावितरणला व्हॉट्सॲपवर टाकलेला फोटो पत्र म्हणून धरू नका. त्याला आवक क्रमांक पडत नाही.

कार्यालयात पत्र हाताने द्यायचं तर दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक तिन्ही घ्या. नुसत्या सहीवर परत येऊ नका. ती कोणाची हे सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही. पोच देत नसतील तर वाद न घालता तालुक्याच्या पोस्टातून स्पीड पोस्ट करा आणि पावती जावक वहीत त्या क्रमांकासमोर चिकटवा.

स्मरणपत्र नव्याने लिहायचं नाही. ‘आमच्या २९ जानेवारीच्या पत्राचे (जा. क्र. १२) उत्तर मिळालेले नाही. तपासणी स्लिप १२ फेब्रुवारीपर्यंत पाठवावी. मूळ पत्राची प्रत सोबत आहे.’ संपलं. व्यापाऱ्याला दिलेली तारीख उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी, सरकारी कार्यालयाला पंधरा दिवसांनी. आणि पहिल्याच पत्राखाली ‘प्रत माहितीसाठी : मा. पालकमंत्री, मा. जिल्हाधिकारी’ लिहायची आपल्याकडे जी हौस आहे, ती जरा आवरा. ज्याच्याकडून काम करून घ्यायचं त्याचीच तक्रार वर गेली, तर तो आधी स्वतःच्या बचावाचा कागद तयार करतो, तुमचं काम मागे पडतं. दुसऱ्या स्मरणपत्रावर प्रत द्या, तीही फक्त त्याच्या लगेच वरच्या अधिकाऱ्याला.

शेवटी सह्या. तिन्ही पत्रांवर तुमची सही आहे. महावितरणला आणि दालमिलला ती ‘करिता, व्यवस्थापक’ म्हणून चालून जाईल. बँकेला चालणार नाही. खात्याच्या कामासाठी संचालक मंडळाच्या ठरावात ज्यांची नावं आहेत, त्यांचीच सही आणि कंपनीचा शिक्का लागतो. ठरावात दोघांच्या संयुक्त सह्या म्हटलं असेल तर दोघांच्या. ठरावाची प्रत काढून नावं बघा, आणि नूतनीकरणाचं पत्र त्या सह्यांनी पुन्हा द्या.